बिघडलेली हार्ड डिस्क व तीतील माहितीची सोडवणूक

शाळेचे दप्तर पूर्वी केवळ कपाटात राहत असे. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, निकालपत्रके ही सर्व कागदावर असत आणि वाळवी, पाऊस व उंदीर यांपासून त्यांचे रक्षण करणे हे मुख्याध्यापकाचे एक कर्तव्यच समजले जाई. कागदी दप्तर आजही आहे. परंतु त्याच्या जोडीला आता संगणकावरील दप्तर आले आहे. पोषण आहाराचे हिशोब, शिष्यवृत्तीच्या याद्या, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, शिक्षकाने वर्षानुवर्षे खपून तयार केलेले पाठ असे पुष्कळसे साहित्य शाळेतील किंवा शिक्षकाच्या घरच्या संगणकात साठलेले असते. त्याच संगणकात घरातील मुलांच्या बालपणीची छायाचित्रे व दिवंगत वडीलधाऱ्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणेही असतात. एके दिवशी संगणक सुरू होत नाही, आणि या साऱ्याची दुसरी प्रत कोठेही नाही हे त्या क्षणी ध्यानात येते. हार्ड डिस्क बाजारात नवी मिळते. तीत असलेली माहिती बाजारात मिळत नाही.

अशा प्रसंगी धीर सोडण्याचे कारण नाही. डिस्क बिघडली म्हणजे माहिती नष्ट झालीच, असे नव्हे. पुष्कळदा माहिती जागच्या जागी असते. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट तेवढी बंद झालेली असते. खरा घात अनेकदा त्यानंतरच्या घाईगर्दीच्या उपायांनी होतो. घरी काय करता येते, काय करू नये आणि कोणत्या टप्प्यावर हात आखडता घ्यावा, याचे विवेचन पुढे केले आहे. या सर्व विवेचनाचे सूत्र एकच आहे : आधी नक्कल, मग दुरुस्ती.

१. हार्ड डिस्कची घडण

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम या कंपनीत झाला. त्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट माहिती राहते. आकार व क्षमता यांत एवढा पालट झाला असला, तरी मूळ तत्त्व तेच आहे. धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. या थरातील सूक्ष्म भागांच्या चुंबकीय दिशेवरून शून्य व एक हे दोन अंक ओळखले जातात. अशा अंकांची जुळणी करूनच अक्षर, चित्र व आवाज साठविले जातात.

तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. या वेगवान पृष्ठभागावर वाचण्या-लिहिण्याचे काम करणारे लहानसे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. त्याचे तबकडीपासूनचे अंतर अवघे काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट एवढेच असते. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. चालू असलेली डिस्क आपटली किंवा आत धुळीचा कण गेला, तर काय अनर्थ ओढवेल याची कल्पना एवढ्यावरून यावी.

तबकडीवरील जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. अशा एका खणास सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एका सेक्टरात ५१२ बाइट मावत. अलीकडच्या बहुतेक डिस्कमध्ये ४,०९६ मावतात. कोणती फाइल कोणकोणत्या सेक्टरांत आहे, याची यादी डिस्कवरच स्वतंत्र ठेवलेली असते. पुस्तकातील अनुक्रमणिकेचे जे काम, तेच या यादीचे होय.

२. बिघाडाची परीक्षा

रोग्यास पाहिल्यावाचून औषध देऊ नये. त्याचप्रमाणे बिघाडाचा प्रकार ओळखल्यावाचून उपायास हात घालू नये. घरी ओळखता येण्याजोगे प्रकार स्थूलमानाने चार आहेत.

(अ) जोडणीतील बिघाड. संगणकास डिस्क दिसत नाही किंवा मधूनच दिसेनाशी होते. याचे कारण कित्येकदा सैल झालेली केबल, यूएसबीचा झिजलेला सांधा किंवा अशक्त वीजपुरवठा हे असते. प्रथम दुसरी केबल लावून पाहावी आणि संगणकाचे दुसरे तोंड वापरून पाहावे. डिस्क घरच्या संगणकातून काढून दुसऱ्या संगणकास यूएसबी जोडणीद्वारे लावता येते. अडीच इंची डिस्कला ५ व्होल्टचा पुरवठा पुरतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचाही लागतो, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र वीजजोड असलेली जोडणीच घ्यावी. डिस्क सुटी करण्यापूर्वी संगणक बंद करून त्याचा वीजपुरवठा तोडावा. केवळ एवढ्या खटपटीने माहिती हाती आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

(आ) अनुक्रमणिकेतील बिघाड. डिस्कचा आवाज नेहमीसारखा असतो व संगणकास ती दिसते. परंतु आतील फाइली दिसत नाहीत, किंवा डिस्क फॉरमॅट करावी काय असा प्रश्न पडद्यावर उमटतो. अशा वेळी ‘नाही’ हेच उत्तर द्यावे. चुकून पुसलेल्या फाइलींचा अंतर्भाव याच प्रकारात होतो. वहीचे अनुक्रमणिकेचे पान फाटले, तरी पुढील धडे वहीत असतातच. फाइल पुसली असता सामान्यतः अनुक्रमणिकेतील तिची नोंद तेवढी रद्द होते आणि जागा मोकळी म्हणून जाहीर होते. त्या जागेवर नवे लिखाण होईपर्यंत जुने लिखाण टिकून असते. यावरून स्पष्ट होईल, की फाइल पुसली गेल्याचे कळताच त्या डिस्कवर काहीही नवे लिहिले जाता कामा नये. फाइल परत मिळवून देणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवून घेणे म्हणजे ज्या पानावरील मजकूर हवा आहे, त्याच पानावर नवा धडा उतरविणे होय.

(इ) पृष्ठभागाची झीज. संगणक अतिशय मंद चालतो, काही फाइली उघडतात व काही उघडताना तो थबकतो. तबकडीवरील काही सेक्टर वाचता येईनासे झाल्याची ही खूण आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या नोंदीस ‘स्मार्ट’ असे नाव असून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या विनामूल्य प्रोग्रामने ती पाहता येते. बदली दिलेल्या सेक्टरांची संख्या आणि वाचावयाच्या राहिलेल्या सेक्टरांची संख्या या दोन नोंदी विशेष पाहाव्यात. त्या शून्याहून अधिक असून वाढत असतील, तर डिस्कचे दिवस भरत आले असे समजावे.

(ई) यांत्रिक व विद्युत बिघाड. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक् टक् असा आवाज येतो, घासल्यासारखा आवाज येतो, अथवा पुरवठा ठीक असूनही तबकडी मुळीच फिरत नाही. जळका वास आला, तर दोष विजेचा असतो. या प्रकारात घरगुती उपाय बहुतांशी संपतात. हेड निकामी झालेली डिस्क चालू ठेवली, तर तेच हेड तबकडीवरील चुंबकीय थर खरवडून काढते, आणि खरवडलेला थर कोणत्याही विद्येने परत येत नाही.

३. पहिली कृती : थांबणे

आवाज येत असेल, तर डिस्क तत्काळ बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. मरणोन्मुख डिस्कजवळ चालण्याचे थोडेच तास शिल्लक असतात, आणि प्रत्येक व्यर्थ प्रयत्नाने ते कमी होत जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्क ‘दुरुस्त’ करणारे प्रोग्राम चालवू नयेत. विंडोजमधील चेकडिस्क हा प्रोग्राम निरोगी डिस्कवरील अनुक्रमणिकेचे दोष काढण्यासाठी उपयुक्त आहे. परंतु तो डिस्कवर लिहितो, नोंदी बदलतो, आणि जे त्याला जुळत नाही ते काढूनही टाकतो. झिजलेल्या डिस्कवर त्याने दुखणे वाढते.

यानंतर कागद घेऊन चार ओळी लिहाव्यात : डिस्कवर कोणती माहिती आहे, तिची दुसरी प्रत कोठे असण्याचा संभव आहे, कोणती माहिती सर्वांत मोलाची आहे, आणि बिघाड कसा सुरू झाला. पुष्कळदा या टाचणातूनच अर्धा प्रश्न सुटतो. केंद्रप्रमुखांस पाठविलेल्या ईमेलमध्ये एखादी यादी सापडते. सहकाऱ्याच्या मोबाइलमध्ये छायाचित्रे निघतात. छापलेली प्रश्नपत्रिका कपाटात असते.

४. नक्कल कशी करावी

डिस्क फिरत असेल, आवाज विचित्र नसेल आणि संगणकास ती दिसत असेल, तर घरी प्रयत्न करण्यास हरकत नाही. मात्र फाइली एकेक करून उघडून पाहण्याऐवजी प्रथम संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रत काढावी. तिला इमेज म्हणतात.

जीर्ण पोथीची नक्कल करणारे जुने लेखनिक या कामी उत्तम गुरू ठरतील. कीड लागलेल्या ठिकाणी अक्षर लागले नाही, तर लेखनिक तेथे अडून बसत नसे. तेवढी जागा मोकळी सोडून पुढील मजकूर उतरवून घेई. संगणकाची साधी कॉपी करण्याची रीत नेमकी याउलट आहे. एक सेक्टर वाचता आला नाही, की ती तेथेच झटत राहते आणि शेवटी सारे काम सोडून देते. त्या झटण्यातच डिस्कचा अंत होऊ शकतो.

लेखनिकाच्या रीतीने काम करणारा एक विनामूल्य प्रोग्राम आहे. त्याचे नाव ग्नू डीडीरेस्क्यू. आंतोनिओ दियाज दियाज यांनी तो रचला असून २००४ पासून तो उपलब्ध आहे. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा भाग झपाट्याने उतरवून घेतो व अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातो. नंतरच्या फेऱ्यांत त्या अडलेल्या जागांकडे वळून जेवढे मिळेल तेवढे वेचून आणतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला, याचा नकाशा तो एका फाइलीत लिहून ठेवतो. त्यामुळे वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून काम थांबवावे लागले, तरी दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालू करता येते.

कृतीचा क्रम असा ठेवावा. बिघडलेल्या डिस्कहून अधिक क्षमतेची, निरोगी व रिकामी दुसरी डिस्क आणावी. पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली सुरू करावी, म्हणजे विंडोज बिघडलेल्या डिस्कशी ढवळाढवळ करणार नाही. पडद्यावर बिघडलेल्या डिस्कचे चिन्ह दिसले, तरी त्यावर क्लिक करून ती उघडू नये. आज्ञा लिहिताना प्रथम मूळ डिस्क, नंतर प्रत ठेवण्याची जागा व शेवटी नकाशाची फाइल हा क्रम असतो. येथे उलटापालट झाली, तर रिकाम्या डिस्कमधील शून्ये मूळ माहितीवर उमटतील. याकरिता दोन्ही डिस्कची क्षमता व अनुक्रमांक कागदावर लिहून, दुसऱ्या माणसाकडून पडताळून घेतल्याशिवाय कळ दाबू नये.

या कामास किती वेळ लागेल, हे गणिताने काढता येते. ५०० अब्ज बाइटची निरोगी डिस्क सेकंदाला १० कोटी बाइट या वेगाने वाचली, तर ५,००० सेकंद, म्हणजे दीड तासाहून थोडा कमी वेळ लागतो. तीच डिस्क झिजून वेग सेकंदाला १० लाख बाइटवर आला, तर ५ लाख सेकंद, म्हणजे पावणेसहा दिवस लागतात. इतका काळ डिस्क हलणार नाही, तिला वारा लागेल आणि वीज खंडित होणार नाही, अशी व्यवस्था करावी. काम चालू असता टक् टक् आवाज सुरू झाला, तर मात्र तेथेच थांबावे.

५. नकलेतून फाइली काढणे

इमेज तयार झाली, की मूळ डिस्क बाजूस ठेवून द्यावी. पुढील सर्व प्रयोग इमेजवर, शक्य तर तिच्याही दुसऱ्या प्रतीवर करावेत. प्रयोग फसला, तरी आरंभ पुन्हा करता येतो, हाच या रीतीचा मोठा लाभ आहे.

अनुक्रमणिका शाबूत असेल, तर इमेज केवळ वाचनासाठी उघडून फाइली सरळ उतरवून घेता येतात. अनुक्रमणिका बिघडली असेल, तर फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी रचलेले टेस्टडिस्क व फोटोरेक हे दोन विनामूल्य प्रोग्राम उपयोगी पडतात. पहिला प्रोग्राम डिस्कच्या विभागांची हरवलेली नोंद शोधून काढतो. दुसरा प्रोग्राम अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी काही ठरावीक बाइट असतात. त्यांवरून येथे छायाचित्र सुरू होते, येथे पीडीएफ सुरू होते, असे तो ओळखतो. या रीतीने मिळालेल्या फाइलींची मूळ नावे व फोल्डर मात्र मिळत नाहीत. शिवाय तुकड्या-तुकड्यांनी साठविलेली फाइल कित्येकदा अर्धवट हाती येते. हजारो निनावी चित्रांतून हवे ते निवडणे कष्टाचे असते, हे खरे. परंतु ते कष्ट फुकट जात नाहीत.

६. काही घातक समजुती

डिस्क शीतकपाटात ठेवली असता पुन्हा चालू होते, अशी एक समजूत प्रचलित आहे. थंड डिस्क बाहेर काढताच हवेतील बाष्प तिच्यावर व तिच्या आत द्रवरूप होते, आणि तबकडीवरील पाण्याचा थेंब हेडचा शत्रू आहे. कोकणासारख्या दमट प्रदेशात तर हा धोका अधिकच. दुसरी समजूत डिस्क उघडून हेड हाताने सरकविण्याची आहे. हे काम ज्या खोलीतील हवा गाळून जवळजवळ धूलिरहित केलेली असते, अशाच खोलीत करावयाचे असते. घरातील टेबलावर नव्हे. अलीकडच्या मोठ्या क्षमतेच्या कित्येक डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम वायू भरलेला असतो. त्या उघडताच तो निघून जातो. तिसरी समजूत अशी, की त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कची विजेची पट्टी काढून बसविली म्हणजे झाले. आधुनिक डिस्कच्या पट्टीवरील एका चिपमध्ये केवळ त्या एकाच डिस्कला लागू पडणारी मापे नोंदलेली असतात. ती चिप न हलविता पट्टी बदलल्यास बहुधा काहीही साध्य होत नाही.

७. तज्ज्ञांकडे केव्हा जावे

माहितीची एकच प्रत असेल, ती अमोल असेल आणि डिस्कमधून आवाज येत असेल, तर घरी एकही प्रयोग न करता ती तज्ज्ञांकडे द्यावी. खर्च बराच येतो. म्हणून आधी अंदाज लेखी घ्यावा. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पत्ते व बँक खाती ही पालकांनी शाळेकडे सोपविलेली ठेव आहे. ज्याच्या हाती डिस्क द्यावयाची, तो विश्वासाचा आहे याची खात्री करून पोच घ्यावी.

तज्ज्ञांच्या विद्येची मर्यादा किती दूर आहे, हे एका दुःखद घटनेवरून दिसते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीकडे परतताना भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची माहिती हार्ड डिस्कवर नोंदलेली होती. ती डिस्क पुढे अवशेषांत सापडली, तेव्हा तिचे बाहेरील भाग जळून वितळले होते. तथापि माहिती असलेला तबकड्यांचा भाग वाचला होता. तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या यंत्रात बसविल्या व सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळविली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून पडलेली डिस्क वाचली, ती तबकडी खरवडली गेली नव्हती म्हणून. आणि टेबलावरील डिस्क वाया जाते, ती खरवडली जाईपर्यंत चालविली म्हणून.

८. एसएसडी व कुलूपबंद माहिती

नव्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. तीत हलणारा भाग नसल्याने ती धक्क्याने सहसा बिघडत नाही. परंतु बिघडते तेव्हा कित्येकदा कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम गप्प होते. शिवाय फाइल पुसताच तिची जागा खरोखर रिकामी करण्यास सांगणारी ट्रिम नावाची आज्ञा तीत बहुधा चालू असते. त्यामुळे पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी राहते. त्याचप्रमाणे नवे संगणक कित्येकदा सारी माहिती आपोआप सांकेतिक रूपात साठवितात. विंडोजमधील बिटलॉकरची ४८ अंकी पुनःप्राप्तीची किल्ली जवळ नसेल, तर डिस्कची निर्दोष नक्कलही निरुपयोगी ठरते. ही किल्ली आजच कागदावर उतरवून दप्तरी ठेवावी.

९. खरा उपाय

डिस्क केव्हा बिघडेल, हे खात्रीने सांगता येत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’ नोंदीतील चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता, असे त्यांत आढळले. यास्तव इशाऱ्याची वाट पाहणे हे शहाणपण नव्हे.

महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत अथवा इंटरनेटवरील सुरक्षित साठ्यात असावी. पेन ड्राइव्ह संगणकासच लावून ठेवला, तर तो वेगळा राहिला असे म्हणता येत नाही. विजेचा एकच लोळ दोघांनाही नेतो. महिन्याचा एक दिवस या कामास नेमावा आणि नोंद वहीत तारखेनिशी करावी. प्रत घेतली एवढ्याने समाधान मानू नये. तीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत असून नसल्यासारखीच होय.

सारांश

१. विचित्र आवाज येताच डिस्क बंद करावी.
२. फॉरमॅट व दुरुस्तीच्या सूचनांस नकार द्यावा.
३. प्रथम केबल व वीजपुरवठा तपासावा.
४. डिस्क चालत असेल, तर प्रथम संपूर्ण नक्कल करावी; फाइलींचा शोध नकलेत घ्यावा.
५. डिस्क उघडू नये, थंड करू नये, आपटू नये.
६. एकमेव व अमोल माहिती तज्ज्ञांकडे सोपवावी.
७. तीन प्रती ठेवाव्यात व त्या उघडून पाहाव्यात.

जनरल रजिस्टरातील एका ओळीवर पन्नास वर्षांनंतरही एखाद्या माणसाचा जन्मतारखेचा दाखला अवलंबून असतो. म्हणूनच ते रजिस्टर जपण्यात कोणी हयगय करीत नाही. संगणकातील ओळ डोळ्यांस दिसत नाही, एवढ्यावरून तिचे मोल कमी होत नाही. तिच्या रक्षणाचे काम बिघाडाच्या दिवशी सुरू होत नसून, संगणक उत्तम चालला आहे त्या दिवशीच ते करावयाचे असते.